ॲडजस्टेबल सस्पेन्शन निवडताना: किती नॉब आपल्याला खरंच पेलतात?

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर असतो. व्हेरिएबल, कंट्रोल, कन्फाउंडिंग, रिपीटेबिलिटी हे शब्द आपण पाठ करतो, पेपरात लिहून येतो आणि विसरून जातो. आज हेच शब्द लॅबच्या बाहेर काढून एका गाडीखाली ठेवून बघूया.

प्रश्न असा आहे. एकच छोटी हॅचबॅक आहे. सोमवार ते शनिवार ती शहरात चालते, सुट्टीत घरच्यांना घेऊन घाटातून गावी जाते आणि वर्षातून दोन-तीन वेळा ट्रॅकवर जाते. आपल्याकडून ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे. पुण्याहून जायचं तर हजार-बाराशे किलोमीटर, आणि बहुतेक जण गाडी चालवतच नेतात. या गाडीला ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवायचं आहे. कोणतं घ्यावं?

हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, आणि चांगला इंपोर्टेड संच कित्येक महिन्यांची फेलोशिप खाऊन टाकतो. शिवाय चुकीचं सेटिंग घेऊन हीच गाडी पावसात घाट उतरणार आहे, आणि मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असणार आहेत. म्हणून दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसू.

नेमकं काय ॲडजस्ट होतं?

सस्पेन्शनमध्ये दोन मुख्य गोष्टी असतात. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. डॅम्पर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, त्या धक्क्यातली ऊर्जा उष्णतेत घालवतो. डॅम्पर नसेल तर गाडी स्पीडब्रेकरनंतर बराच वेळ डोलत राहील.

बाजारात 'कॉइलओव्हर' नावाने जे संच मिळतात, त्यात साधारण या गोष्टी बदलता येतात:

- उंची. साध्या संचात स्प्रिंगखालची थाळी फिरवून, तर बऱ्या संचात डॅम्परचा खालचा भाग वेगळा फिरवून.
- वन-वे डॅम्पिंग. एकच नॉब. तो बहुतेक वेळा रिबाउंड, म्हणजे डॅम्पर लांब होतानाचा विरोध बदलतो. काही संचांत रिबाउंड आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकदम बदलतात.
- टू-वे डॅम्पिंग. रिबाउंडला एक आणि कॉम्प्रेशनला एक असे दोन नॉब.
- थ्री-वे. कॉम्प्रेशनचेही दोन भाग, लो-स्पीड आणि हाय-स्पीड.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. डॅम्परच्या भाषेत लो-स्पीड आणि हाय-स्पीड म्हणजे गाडीचा वेग नव्हे. तो आहे डॅम्परच्या आतल्या पिस्टनचा वेग. ताशी १४० ने लांब, गुळगुळीत वळण घेताना पिस्टन हळू सरकतो. ताशी २० ने धारदार खड्ड्यात चाक पडलं तर तो जोरात आपटतो. म्हणजे आपल्या गल्लीतला खड्डा 'हाय-स्पीड' असतो!

दुसरा गैरसमज प्रीलोडबद्दल. सरळ, एकसारख्या स्प्रिंगची थाळी घट्ट केली म्हणून स्प्रिंग जास्त कडक होत नाही. तिचा कडकपणा तार किती जाड, वेटोळ्याचा व्यास किती आणि वेटोळी किती यावर ठरतो. थाळी फिरवून उंची बदलते, कडकपणा नाही.

आता मुद्द्याचं वाक्य: नॉबने डॅम्पिंग बदलतं, स्प्रिंग बदलत नाही. रस्ता आणि ट्रॅक यांच्यातली तडजोड स्प्रिंग निवडतानाच करावी लागते. नॉब त्यानंतर येतो.

आधी स्प्रिंगचं गणित

यासाठी 'क्वार्टर कार मॉडेल' वापरतात. गाडीचा एक कोपरा घ्यायचा: वर स्प्रिंगने पेललेलं वस्तुमान, खाली चाक. नैसर्गिक कंपनसंख्या काढायची रीत बारावीतलीच आहे. स्प्रिंगचा कडकपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, आणि ते भागिले दोन पाय.

समजा गाडी ११०० किलोची आहे आणि इंजिन पुढे असल्याने ६२ टक्के वजन पुढे आहे. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ३४० किलो येतात. चाक, ब्रेक वगैरेचे ४० किलो वजा केले की स्प्रिंगवर उरले ३०० किलो. आता तीन स्प्रिंगा तपासू:

- २२ न्यूटन प्रति मिमी (मूळ स्प्रिंगसारखी मऊ): १.३६ हर्ट्झ. गाडी उभी असताना स्प्रिंग १३४ मिमी दबलेली.
- ३६ न्यूटन प्रति मिमी: १.७४ हर्ट्झ. ८२ मिमी दबलेली.
- ५० न्यूटन प्रति मिमी: २.०५ हर्ट्झ. फक्त ५९ मिमी दबलेली.

आरामदायी प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, स्पोर्टी रस्त्यावरच्या गाड्या १.५ ते २ मध्ये, आणि डाउनफोर्स नसलेल्या रेसच्या गाड्या साधारण २ ते २.५ मध्ये. म्हणजे तिसरी स्प्रिंग घेतली की आपण रेसच्या गाडीत बसून दूध आणायला निघालो.

दबलेल्या मिलिमीटरांचा अर्थही लक्षात घ्या. खड्ड्यात चाक खाली जातं, तेव्हा जितकी स्प्रिंग दबलेली होती तितकंच अंतर ती चाकाला रस्त्यावर दाबू शकते. ५९ मिमीवाली स्प्रिंग खोल खड्ड्यात लवकर सुटते आणि चाक क्षणभर लटकतं. लटकलेल्या चाकाला ना ब्रेक असतो ना स्टिअरिंग. म्हणजे खराब रस्त्यावर कडक स्प्रिंगने ग्रिप वाढतेच असं नाही, कित्येकदा कमी होते.

खरेदी करताना एककांचा घोळ होतो, तोही बघून ठेवा. जपानी संचांवर बऱ्याचदा '५ के' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ५ किलोग्रॅम-बल प्रति मिमी, साधारण ४९ न्यूटन प्रति मिमी. अमेरिकी संचांवर पाउंड प्रति इंच असतं. १ किलोग्रॅम-बल प्रति मिमी म्हणजे जवळपास ५६ पाउंड प्रति इंच.

आणि मोशन रेशो विसरू नका. स्प्रिंग जिथे बसते तिथला कडकपणा आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा एक नसतो. स्प्रिंगच्या आकड्याला मोशन रेशोच्या वर्गाने गुणायचं. पुढच्या मॅक्फर्सन स्ट्रटमध्ये हा रेशो १ च्या जवळ असतो, म्हणून वर तो सोडून दिला. पण तो ०.७ असेल तर वर्ग ०.४९, म्हणजे तीच स्प्रिंग चाकापाशी निम्मीच! दुसऱ्याच्या गाडीतला स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

मागच्या स्प्रिंगचं काय? जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात मॉरिस ओली यांनी यावर पायाभूत काम केलं. पुढचं चाक आधी उंचवट्यावर चढतं, मागचं थोड्या वेळाने. मागची कंपनसंख्या पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवली, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी पुढे-मागे झुलत नाही. ट्रॅकवरचे लोक पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागचं आणखी कडक करतात, कारण त्याने गाडी वळणात जास्त वळते. पण हाच गुण पावसाळ्यात घाटात, वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गाडीचं मागचं टोक बाहेर फेकू शकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मागची कंपनसंख्या पुढच्यापेक्षा थोडीच जास्त असावी.

मग डॅम्पर: नॉबची खरी गरज इथे

डॅम्पिंग रेशो म्हणजे आपलं डॅम्पिंग भागिले क्रिटिकल डॅम्पिंग. क्रिटिकल म्हणजे जिथे गाडी एकदाही न डोलता जागेवर येते. ते असतं कडकपणा गुणिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. ३६ च्या स्प्रिंगसाठी हा आकडा येतो साधारण ६५७० न्यूटन-सेकंद प्रति मीटर.

आरामासाठी रेशो ०.२ ते ०.३ च्या आसपास ठेवतात. ट्रॅकवर गाडीचं अंग पटकन स्थिर व्हावं म्हणून ०.६ ते ०.७ पर्यंत जातात. दोन्हीकडे एकच आकडा का चालत नाही, याचं उत्तर कंपनांच्या कोणत्याही पुस्तकातल्या ट्रान्समिसिबिलिटीच्या आलेखात आहे. नैसर्गिक कंपनसंख्येच्या १.४१ पट मर्यादेच्या खाली जास्त डॅम्पिंगने हालचाल कमी होते. त्या मर्यादेच्या वर गणित उलटतं, जास्त डॅम्पिंगने जास्त धक्का आत येतो. आपल्या १.७४ हर्ट्झच्या गाडीत ही मर्यादा साधारण २.५ हर्ट्झ. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनांना साधारण ४ ते ८ हर्ट्झमध्ये सर्वांत संवेदनशील असतं. म्हणजे ट्रॅकचं सेटिंग ठेवून शहरात फिरलात, तर जी कंपनं अंगाला सर्वांत जास्त टोचतात नेमकी तीच आपण आत सोडतो.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात.

एक: मूळ डॅम्पर ठेवून नुसत्या कडक स्प्रिंगा बसवू नका. समजा मूळ डॅम्पर १५०० चा आहे. मूळ स्प्रिंगसोबत रेशो ०.२९. ३६ ची स्प्रिंग बसवली की ०.२३, आणि ५० ची बसवली की ०.१९. गाडी कडक होते आणि तरी जास्त वेळ उड्या मारते. 'लोअरिंग स्प्रिंग' स्वस्त पडतात, पण त्यांचा खरा हिशोब हा असा आहे.

दोन: विक्रेत्याकडे क्लिकची संख्या विचारू नका, आलेख मागा. आपल्याला ०.३ ते ०.६ एवढी रेंज हवी, म्हणजे साधारण २००० ते ४००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. पिस्टनचा वेग ०.१ मीटर प्रति सेकंद असताना रिबाउंड आणि कॉम्प्रेशनची सरासरी साधारण २०० ते ४०० न्यूटन यायला हवी. डॅम्पर डायनोवर काढलेल्या बल-वेग आलेखात हे पाच मिनिटांत दिसतं. ३२ क्लिक असलेल्या डॅम्परमध्ये पहिल्या १० क्लिकांना काहीच फरक पडत नसेल, तर ते ३२ क्लिक कागदावरचे.

आलेखाचा आकारही बघा. कमी वेगाला रेषा उभी चढते आणि पुढे आडवी होत जाते, त्याला डिग्रेसिव्ह म्हणतात. वळणात अंग सावरायला बल मिळतं, आणि खड्ड्यात डॅम्पर अडून बसत नाही. रस्ता-ट्रॅक अशा दुहेरी वापराला हा आकार सोयीचा.

नॉब वाढले की प्रयोग किती वाढतात?

आता आपल्या, म्हणजे रिसर्चच्या, गल्लीत येऊ.

प्रत्येक नॉबला २० क्लिक धरा. वन-वेमध्ये पुढचा एक आणि मागचा एक, असे दोन व्हेरिएबल. जोड्या ४००. टू-वेमध्ये चार व्हेरिएबल. जोड्या १,६०,०००. प्रत्येक जोडीला दोन मिनिटांचे तीन लॅप दिले, तर वन-वेला ४० तास लागतील आणि टू-वेला १६,००० तास, म्हणजे रात्रंदिवस गाडी चालवली तरी ६६७ दिवस!

प्रत्यक्षात आपल्या हातात काय असतं? ट्रॅक डेला समजा २० मिनिटांची पाच सेशन्स मिळाली. क्लिक बदलायला पिटमध्ये यावं लागतं. म्हणजे दिवसाला धड पाच प्रयोग. वर्षाला तीन दिवस गेलात तर पंधरा. पंधरा प्रयोगांत दोन व्हेरिएबल समजून घेता येतात. चार व्हेरिएबल आणि त्यांचे एकमेकांवरचे परिणाम समजून घेणं अवघडच.

त्यातही नॉइज आहे. समजा तुमचे स्वतःचे लॅप टाइम एकाच सेटिंगवर ०.६ सेकंदांच्या प्रमाण विचलनाने हलतात. दोन सेटिंग्जचे चार-चार लॅप घेऊन सरासरी काढल्या, तर त्या फरकातली स्टँडर्ड एरर ०.४२ सेकंद येते. दोन क्लिकनी ०.३ सेकंद वाचले असतील तर ते या गोंगाटात दिसणारच नाहीत. एरर ०.१५ वर आणायची तर प्रत्येक सेटिंगला ३२ लॅप हवेत. तोवर टायर तापून त्याचं प्रेशर वाढलेलं असतं, पेट्रोल कमी झालेलं असतं, ट्रॅकचं तापमान बदललेलं असतं आणि तुम्हीही तो ट्रॅक शिकलेला असता. हे सगळे कन्फाउंडिंग व्हेरिएबल.

म्हणून माझं मत सरळ आहे: जितक्या नॉबचा परिणाम मोजायची आपली ऐपत आहे, तितकेच नॉब विकत घ्यावेत. ऐपत म्हणजे इथे पैसा नव्हे. ट्रॅकवरचे दिवस, लॅपची संख्या आणि नोंद ठेवायची सवय, ही ऐपत.

मग निवड कशी करायची?

माझा क्रम असा राहील:

१. आधी टायर, ब्रेक फ्लुइड, पॅड आणि अलाइनमेंट. टायरचं प्रेशर आणि कॅम्बर यांचा परिणाम मोठा आणि सहज दिसणारा असतो. ते जागेवर नसताना डॅम्परचे क्लिक मोजणं म्हणजे वजनकाटा झीरो न करता चौथा दशांश लिहिणं.

२. स्प्रिंग स्वतः ठरवा. मिश्र वापराला पुढे १.६ ते १.८ हर्ट्झ, मागे त्याहून किंचित जास्त. संच निवडताना हवी ती स्प्रिंग बदलून मिळते का, हे विचारा.

३. वन-वे डॅम्पर, पण त्याच स्प्रिंगसाठी जुळवलेला आणि आलेखासह. टू-वेकडे तेव्हाच वळा, जेव्हा डेटा लॉगर आहे, वर्षाला आठ-दहा ट्रॅक डे होतात आणि लॅप टाइम स्थिर झाले आहेत.

४. उंची जपून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकरही १० सेंटिमीटर उंचीचा आहे, आणि आपल्याकडचे सगळेच मानक बघून बांधलेले नसतात. शिवाय मॅक्फर्सन स्ट्रटची गाडी फार खाली घेतली की रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी वळणात उलट जास्त कलायला बघते. २०-२५ मिमी खाली घेणं बहुधा पुरे.

५. कागदपत्रं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे विचारून घ्या. वॉरंटीचंही तेच.

बसवल्यानंतरची शिस्त

क्लिक नेहमी पूर्ण कडक टोकापासून मागे मोजा, आणि चारही कोपऱ्यांची नोंद वहीत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्यांदा मोठा बदल करा, पाच-सहा क्लिकचा, म्हणजे परिणाम कोणत्या दिशेला होतो ते कळेल. बारीक बदल नंतर.

दर वेळी 'अ-ब-अ' पद्धत वापरा: मूळ सेटिंग, बदललेलं सेटिंग, पुन्हा मूळ. दुसऱ्या 'अ' चे लॅप पहिल्या 'अ' पेक्षा वेगळे आले, तर ट्रॅक किंवा टायर बदलला आहे आणि 'ब' बद्दल काहीही म्हणता येणार नाही. शक्य असेल तर मित्राला नॉब फिरवू द्या आणि त्याने काय केलं ते सेशन संपेपर्यंत विचारू नका. कडक गाडी नेहमी वेगवान *वाटते*. वाटणं आणि असणं वेगळं करायला ब्लाइंडिंग लागतं, औषधाच्या चाचणीत लागतं तसंच.

आणि ट्रॅकवरून निघताना सेटिंग रस्त्याच्या आकड्यांवर परत आणा, वहीत टिक करा, मगच हायवेला लागा. परतीच्या हजार-बाराशे किलोमीटरमध्ये पाऊस कुठे गाठेल ते सांगता येत नाही.

शेवटी, तुमच्यातल्या ज्यांना गाडीशी काही घेणं-देणं नाही त्यांच्यासाठी. सिनॉप्सिस लिहिताना आपणही असेच नॉब लावत जातो: पाच तापमानं, चार पीएच, सहा कॉन्सन्ट्रेशन, तीन प्रजाती. हे झाले ३६० गट, आणि प्रत्येकाची तीन रेप्लिकेट्स म्हणजे १०८० नमुने. उपकरणाचा स्लॉट आठवड्यातून एकदा, नमुने वीस. हा गुणाकार-भागाकार गाइडसमोर बसण्याआधी स्वतः करून बघा. तो ५४ आठवडे येतो, तेही एकही नमुना वाया गेला नाही तर.